शेतीशंका : जस्त जमिनीत आहे, मग पानात का नाही?

या महिन्यातली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. जस्त, लोह अशा सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पिशव्या महागल्या, मग जिवाणू कल्चर (उपयोगी जिवाणूंचं तयार मिश्रण) आणि घरचा-गावचा टाकाऊ माल यांवर काम भागेल का? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : संत्र्याची दहा वर्षांची बाग आहे. माती परीक्षणात सामू (पीएच) ८.२, मुक्त चुनखडी ७ टक्के, जस्त ०.४२ आणि लोह ३.८ पीपीएम (किलोमागे मिलिग्राम) आलं. जस्त विरघळवणारं कल्चर एकरी दोन लिटर, मेच्या शेवटच्या आठवड्यात ड्रिपमधून सोडलं. ऑगस्ट संपत आला तरी नवती (नवी पालवी) पिवळीच. कल्चर बोगस होतं का? (काटोल)

उत्तर : बोगस असेलही. पण तुमच्या अहवालातले आकडे पाहता अस्सल कल्चरही तिथे हरलंच असतं.

आधी हिशेब मांडू. एक एकर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर ढोबळमानाने ९ लाख किलो भरतो. जस्त ०.४२ पीपीएम म्हणजे त्या सगळ्या थरात झाडाला मिळू शकणारं जस्त पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास. जस्त ०.६ च्या खाली आणि लोह ४.५ च्या खाली गेलं की कमतरता धरतात, म्हणजे तुमच्याकडे दोन्ही कमी. मात्र त्याच मातीत एकूण जस्त किलोमागे ५०-६० मिलिग्राम धरलं, तरी ते एकरी ४५ ते ५४ किलो होतं. माल कोठारात भरपूर आहे, पण चुन्याने, स्फुरदाने आणि चिकणमातीने तो आवळून धरलाय. सामू एका अंकाने वाढला की जस्ताची विद्राव्यता साधारण शंभर पटीने घटते. लोहाची तर हजार पटीने.

कल्चरमधले बॅसिलस किंवा स्यूडोमोनास हे जिवाणू मुळांतून पाझरणारी साखर खातात आणि ग्लुकॉनिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लं सोडतात. त्या आम्लाने जस्त सुटं होतं. काही जिवाणू सिडेरोफोर नावाची द्रव्यं सोडून लोहाला पकडून आणतात. जस्त किंवा लोह नव्याने तयार मात्र कुणीच करत नाही. आता तुमची ७ टक्के चुनखडी बघा. एकरी ६३ टन चुना झाला. त्यापुढे दोन लिटर कल्चरचं आम्ल म्हणजे नागपूरच्या अंबाझरी तलावात लिंबू पिळण्यासारखं. वावराचा सामू जिवाणू बदलू शकत नाहीत. मुळाला चिकटून बसले तर मुळाभोवतीच्या मिलिमीटरभर पट्ट्यात ते काम करतात, आणि झाडाला तेवढं पुरतं. म्हणून कल्चर कुठे पडलं हे किती लिटर पडलं यापेक्षा महत्त्वाचं.

मेच्या शेवटी आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि उघड्या काळ्या मातीचा वरचा थर त्याहून तापतो. त्यात सेंद्रिय कर्ब कमी असेल, तर जिवाणूंना खायला नाही. आणखी एक गोष्ट तपासा. हंगामापूर्वी ड्रिपच्या नळ्या क्लोरीन किंवा आम्ल सोडून धुतात. ती धुलाई त्याच आठवड्यात झाली असेल, तर कल्चर नळीतच मेलं.

पुढच्या पावसाळ्यात असं करा. शंभर झाडांसाठी ५०० किलो पूर्ण कुजलेलं, थंड शेणखत सावलीत पसरा. ५० लिटर पाण्यात २ किलो गूळ विरघळवा, त्यात ५ लिटर कल्चर मिसळा आणि खतावर शिंपडा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी टपकू नये, इतकीच ओल हवी. ओल्या पोत्यांनी झाकून ७-८ दिवस ठेवा, एक दिवसाआड वरखाली करा. जुलैत दोन चांगले पाऊस झाले की पानांच्या घेराखाली १५ सेंटिमीटर खोल आणि फूटभर रुंद चर काढून झाडामागे ५ किलो खत टाका व लगेच मातीने झाका. चर खोडापाशी काढू नका. अन्न शोषणारी बारीक मुळं घेराखाली असतात.

झिंक सल्फेट याच ढिगात कालवू नका. इथे बरेच जण चुकतात. २१ टक्के जस्ताचं झिंक सल्फेट झाडामागे २०० ग्रॅम, वेगळ्या ५ किलो शेणखतात मिसळून दोन आठवडे मुरू द्या आणि ते आधी चरात टाका. त्यानंतर १५ दिवसांनी त्याच चरात कल्चरचं खत. ताज्या झिंक सल्फेटचा मारा जिवाणूंना सोसत नाही, पण शेणखतातल्या ह्युमसने (कुजून झालेल्या काळ्या सेंद्रिय भागाने) जस्त धरलं की जिवाणू त्याच्याशेजारी सुखाने राहतात. डीएपी किंवा सुपर फॉस्फेट ही स्फुरदाची खतं त्या चरात नको, नाहीतर जस्ताचं पुन्हा न विरघळणारं फॉस्फेट होईल.

चुना मोडायला गंधक टाकतात, पण तेही चरातच द्यावं. १० किलो गंधक पूर्ण आम्लात बदललं तरी साधारण ३१ किलो चुना खातं, आणि तुमच्याकडे एकरी ६३ हजार किलो आहे. त्यामुळे शेतभर फेकलेलं गंधक वाया जातं. १० किलो बारीक गंधक भुकटी १०० किलो ओलसर कंपोस्टमध्ये तीन-चार आठवडे मुरवून चरात दिली, तर तेवढ्या पट्ट्यात फरक पडतो. दाणेदार गंधक फार हळू चालतं.

यंदाच्या पिवळ्या नवतीसाठी मात्र फवारणीच. आधी ओळखा काय कमी आहे. पान लहान, अरुंद, शेंड्याला झुपका झाल्यासारखं आणि शिरांमध्ये पिवळे चट्टे असतील तर जस्त. पान आकाराने ठीक, पण पिवळ्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी असेल तर लोह. खात्री हवी असेल तर एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून चार-पाच पिवळ्या पानांची अर्धी बाजू कापसाने पुसा. ८-१० दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला तर लोहच. जस्तासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विझवलेला चुना. फवारणी नवती दोन-तृतीयांश वाढली असताना करा. जून झालेली पानं फारसं घेत नाहीत.

आणि बागेत पाणी साचतं का तेही पाहा. साचलेल्या चुनखडी जमिनीत लोह कितीही दिलं तरी पान पिवळंच राहतं. तिथे पहिला उपाय चर खोदून पाणी काढणं हाच.

प्रश्न : पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) जाळण्यापेक्षा कंपोस्ट करायचं आहे. त्यातून सूक्ष्म अन्नद्रव्यं पुरेशी मिळतील का? (हिंगणा)

उत्तर : एकट्या कंपोस्टमधून नाही, पण त्यावाचून बाकीचं काही नीट चालत नाही. चांगल्या शेणखतात किलोमागे साधारण ५० ते १०० मिलिग्राम जस्त असतं, म्हणजे दोन टनांत १०० ते २०० ग्रॅम. हे कमी वाटेल, पण एकरी १० क्विंटल धान्य नेताना पीक जस्त ग्रॅमांतच नेतं, किलोंत नाही. कोंबडीखतात जस्त शेणखताच्या दोन-तीन पट आणि कधी त्याहून जास्त असतं, कारण ते खाद्यातच घातलेलं असतं.

पऱ्हाटी वेचणी संपल्याबरोबर, जानेवारीतच श्रेडरने दोन-तीन इंच तुकडे करून घ्या. धुऱ्यावर (बांधावर) रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत बसते. बारीक करून तापलेल्या ढिगात ती मरते, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

टनभर तुकड्यांना १०० किलो ताजं शेण, ८ किलो युरिया आणि १ किलो कुजवणारं कल्चर पाण्यात कालवून लागेल. ढीग १० फूट लांब, ५ फूट रुंद, ३ फूट उंच. प्रत्येक फूटभर थर पायाने न दाबता भिजवा. पऱ्हाटी लाकूड आहे, वरवर भिजते पण आत कोरडी राहते, म्हणून बांधण्याआधी रात्रभर भिजत ठेवलेली बरी. चार-पाच दिवसांत ढिगात लोखंडी सळई खुपसून काढा. हात लावता येणार नाही इतकी तापली तर ठीक. पहिली पलटणी १५ दिवसांनी, मग दर तीन आठवड्यांनी. चार महिने धरा.

बिघडलेला ढीग स्वतःच सांगतो. आत राखेसारखी पांढरी-करडी भुकटी दिसली तर ढीग कोरडा पडून जळतोय, पाणी द्या. नाकात अमोनिया चढला तर युरिया जास्त झाला, कोरडं कुटार (भुसा) घाला. सडका वास आला तर हवा नाही, पलटा. सळई महिनाभरातही तापली नाही, तर बहुतेक ओल किंवा नत्र कमी.

जस्ताचे जिवाणू ढीग बांधताना घालू नका. ५५-६५ अंशांवर ते तग धरत नाहीत. ढीग पूर्ण थंड झाल्यावर, वापरायच्या आठवडाभर आधी टनाला २ लिटर द्या.

प्रश्न : खापरखेडा-कोराडीच्या वीज केंद्रांची राख जवळच मिळते. ती वावरात टाकली तर जस्त, बोरॉन मिळतं असं ऐकलं. (सावनेर)

उत्तर : ऐकलं ते खोटं नाही, पण तुमच्या जमिनीसाठी अर्धवट आहे. कोळशाच्या उडत्या राखेत मुख्य भाग सिलिका आणि ॲल्युमिनाचा. लोह आहे, पण काचेसारख्या कणांत अडकलेलं. जस्त, तांबं, मॉलिब्डेनम थोडं असतं. बोरॉन मात्र ताज्या राखेतून चटकन सुटतो, आणि संत्रा बोरॉनच्या जास्तीला फार नाजूक आहे. पानांच्या कडा आणि शेंडे करपतात, तो उन्हाचा फटका वाटतो. शिवाय राखेत आर्सेनिक आणि इतर जड धातू किती, हे कोळशावर अवलंबून असतं. ज्या मातीत सामू आधीच आठच्या वर, तिथे अल्कधर्मी राख घालून जस्त मिळवायचं हे गणित बसत नाही. रेताड, आम्ल जमिनीत राखेचा उपयोग वेगळा. काळ्या मातीच्या बागेत नको.

चुलीच्या राखेचंही जाता जाता सांगतो. तिच्यात पालाश आणि चुना आहे, सामू १० च्या वर. कंपोस्टच्या ढिगावर चिमूटभर ठीक, घमेलंभर नको.

प्रश्न : गळलेली संत्री ढिगाने पडून आहेत. आंबट आहेत, मग त्यांच्या आम्लाने लोह-जस्त सुटेल का? (नरखेड)

उत्तर : तर्क बरोबर, वाटेत दोन अडचणी. सालीतलं लिमोनीन हे तेल जिवाणूंना मारक आहे, त्यामुळे नुसत्या संत्र्यांचा ढीग आठवडे तसाच बसतो आणि मग एकदम सडतो. दुसरं, गळलेल्या फळात फळमाशीच्या अळ्या असतात. उघड्यावर टाकलं की तुम्ही माश्याच पाळता.

म्हणून फळं रोज वेचा, फावड्याने ठेचा. १०० किलो ठेचलेल्या फळांना ३० किलो सोयाबीनचं कुटार आणि २० किलो शेण. कुटाराने रस शोषला पाहिजे. खाली रस वाहत असेल तर आणखी घाला. वर जाड काळं प्लास्टिक, कडा मातीने दाबलेल्या, आठवडाभर. मग उघडून पलटा. तेल उडून गेलं की वास बदलतो आणि ढीग तापायला लागतो. या मालात टनाला १० किलो फेरस सल्फेट मिसळून तीन आठवडे मुरवलं तर सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात. नुसतं फेरस सल्फेट चुनखडी मातीत टाकलं तर काही दिवसांतच तांबडा गंज होऊन बसतं.

प्रश्न : एमआयडीसीतल्या लेथचा लोखंडी किस फुकट मिळतो. तो ताकात भिजवून, आणि ताक तांब्याच्या भांड्यात ठेवून फवारलं तर? (बुटीबोरी)

उत्तर : आंबट ताकात लोखंड विरघळतं, हे खरं. पण किसावर कटिंग ऑइल असतं आणि त्यात स्टेनलेस स्टीलचा किस मिसळला असेल तर क्रोमियम-निकेलही येतं. चुंबक लावून बघितलं तरी स्टेनलेसचे काही प्रकार चुंबकाला चिकटतात, त्यामुळे तीही खात्री नाही. फेरस सल्फेट स्वस्त मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? तांब्याच्या भांड्यातल्या ताकात तांबं उतरतं आणि ते बुरशीनाशकासारखं काम करतं. तेच पाणी मुळाशी ओतलं तर कल्चरचे जिवाणूही मरतात. कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा बोर्डो मिश्रण या तांब्याच्या बुरशीनाशकांची आळवणी (मुळाशी ओतणं) केली असेल तरी कल्चरआधी १५ दिवस सोडा.

प्रश्न : संपलेल्या पेन्सिल सेलमध्ये जस्त आणि मँगनीज असतं. फोडून ढिगात टाकले तर? (उमरेड)

उत्तर : नको. जस्ताबरोबर शिसं, कॅडमियम, जुन्या सेलमध्ये पाराही येऊ शकतो, आणि ते एकदा मातीत गेलं की काढता येत नाही. सेलपासून खत बनवायचं तर कारखान्यात आम्लात विरघळवून शुद्ध करावं लागतं. ते काम उकिरड्यावर होत नाही.

प्रश्न : धान रोवल्यावर तिसऱ्या आठवड्यात खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके आले, रोप बुटकं राहिलं. खाणीजवळचा मँगनीजचा चुरा टाकावा असं कुणी सुचवलं. (रामटेक)

उत्तर : हा बहुतेक खैरा, म्हणजे जस्ताची कमतरता. १९६६ मध्ये पंतनगरला डॉ. वाय. एल. नेने यांनी खैऱ्याचं हे कारण दाखवून दिलं, तोवर त्याला रोग समजत. बांधीत (धानाच्या खाचरात) पाणी उभं राहिलं की जस्त आणखी दडतं, आणि लोह-मँगनीज उलट सुटतं. म्हणजे चुरा टाकून तुम्ही आधीच जे वाढतंय तेच वाढवणार. शिवाय चुऱ्यातलं मँगनीज ऑक्साइडच्या रूपात असतं, पिकाला ते लगेच मिळत नाही.

आता १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५० ग्रॅम विझवलेला चुना (किंवा चुन्याऐवजी २ किलो युरिया) फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. पुढच्या वर्षी चिखलणीनंतर एकरी १० किलो झिंक सल्फेट वरच्या थरातच द्या, खोल गाडू नका. रोपांची मुळं झिंक ऑक्साइडच्या २ टक्के पाण्यात (१० लिटरला २०० ग्रॅम) बुडवून लावली तरी काम होतं. ते पाणी ढवळत राहा, ऑक्साइड तळाशी बसतं. कल्चरही मुळं बुडवूनच द्यायचं, पण वेगळ्या बादलीत.

प्रश्न : गच्चीवरच्या कुंडीत कढीपत्ता पिवळा पडलाय. अंड्याची टरफलं आणि चहाचा चोथा घालते, तरी हिरवा होत नाही. (धंतोली, नागपूर)

उत्तर : टरफलं थांबवा. ती म्हणजे चुनाच, आणि चुन्यामुळेच लोह अडतं. चहाचा चोथा धुऊन, वाळवून, कंपोस्टमध्ये. कुंडीला एक लिटर पाण्यात २ ग्रॅम फेरस सल्फेट आणि दोन-चार थेंब लिंबाचा रस, पंधरा दिवसांतून एकदा. खालचं भोक बुजलं असेल तर आधी ते मोकळं करा.

प्रश्न : सोयाबीनच्या बियाण्याला जस्ताचं कल्चर, रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू) आणि बुरशीनाशक, सगळं कसं लावायचं? चांगलं कल्चर ओळखायचं कसं? (भिवापूर)

उत्तर : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर शेवटी कल्चर, हाच क्रम. द्रवरूप रायझोबियम आणि जस्ताचं कल्चर किलो बियाण्याला प्रत्येकी १० मिलि. एकरी ३० किलो बियाणं म्हणजे ३०० मिलिची एकेक बाटली. सोयाबीनचं साल पातळ असतं, घमेल्यात हाताने रगडलं तर सुटतं आणि उगवण जाते. ताडपत्रीवर पसरून वरून शिंपडा, ताडपत्रीची टोकं धरून झुलवा. सावलीत अर्धा तास सुकवून त्याच दिवशी पेरा.

बाटलीवर उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि जिवाणूंची संख्या पाहा. नियमानुसार द्रवरूपात मिलिलिटरला किमान १० कोटी, भुकटीत ग्रॅमला ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. दुकानात बाटल्या उन्हात, खताच्या गोण्यांवर मांडलेल्या दिसल्या तर तारीख ताजी असली तरी घेऊ नका. घरी नेतानाही डिकीत दुपारभर ठेवू नका.

शेताचा एक कोपरा कल्चर न लावता पेरा, पाटी लावून ठेवा, म्हणजे फरक कळेल. पेरणीआधी माती तपासायला देणार असाल तर नमुना गॅल्व्हनाइज्ड बादलीत किंवा टायरच्या टोपलीत गोळा करू नका. दोन्हींत जस्त असतं, आणि अहवालात तुमची जमीन आहे त्याहून श्रीमंत दिसते. प्लास्टिकची बादली आणि लाकडी खुंटी घ्या, नागमोडी चालत ८-१० ठिकाणची २० सेंटिमीटरपर्यंतची माती, सावलीत वाळवलेली, अर्धा किलो.